धाकट्या स्फटिकाची शेपटी

तडकताना आधी आवाज होतो, की आधी दुखतं?

हा प्रश्न मी चिमट्याला विचारला, काचेच्या कपाटाला विचारला, वजनकाट्याला तर तीनदा विचारला. चिमटा म्हणाला, मला फक्त धरायचं कळतं. कपाट म्हणालं, मी काच आहे, माझ्यासमोर हा विषय काढू नका. वजनकाट्याने नेहमीप्रमाणे माझं वजन सांगितलं. ज्याला खरं उत्तर माहीत होतं तो माझा दादा, आणि तो तेव्हा दोन तुकडे होऊन कापसावर निजला होता.

असो. मी कॅडमियम टंगस्टेटचा स्फटिक बोलतोय. नाव जड आहे, मीही जड आहे. दिसायला अंघोळीच्या साबणाच्या वडीएवढा आणि बऱ्यापैकी नितळ. त्यामुळे नवखा माणूस मला ऐटीत दोन बोटांनी उचलायला जातो आणि मग मुकाट्याने दुसरा हात लावतो. एवढ्याच आकाराचा लोखंडाचा ठोकळा जितका भरेल, तितका मी भरतो. दिसतं तसं नसतं, म्हणून तर जग फसतं, हे ज्याने कुणी म्हटलं त्याने आधी आमच्यापैकी कुणालातरी उचललं असणार.

माझा धंदा उजेडाचा. एक्स-रे तुम्हाला डोळ्यांनी दिसत नाही. तो माझ्या अंगावर आदळला की मी निळसर हिरवा चमकतो, आणि शेजारी बसवलेली नळी ती चमक मोजते. थोडक्यात, कुणी चापट मारली की 'ओय' म्हणायचं. पण खरी गोम 'ओय' म्हणण्यात नाही, नंतर गप्प बसण्यात आहे. मागच्या चापटीचं रडगाणं संपलं नसताना पुढची चापट पडली, तर मोजणाऱ्याला कुठली कुठली ते कळणार कसं? म्हणून एका सेकंदाचे दहा लाख तुकडे करा आणि त्यातले चौदा घ्या. तेवढ्या वेळात आमचा उजेड जवळजवळ तिसऱ्या हिश्श्यावर येतो. पुढच्या चौदात त्याचाही तिसरा हिस्सा. असं करत हां हां म्हणता काळोख. माणसांत म्हणे आठवण ठेवणारा तो चांगला. आमच्यात पटकन विझणारा तो गुणी.

हे सगळं मला दादाने सांगितलं. मी स्वतः फारसा शिकलेला नाही.

आमचा जन्म एका भट्टीत झाला. भट्टीची खोली प्रयोगशाळेच्या इमारतीच्या अगदी मागच्या टोकाला, जिन्याखालून वळलं की. एक भुकटी तपकिरी, दुसरी पिवळी. त्या तोंडाला पट्टी बांधून आणि हातमोजे घालून मोजायच्या, कारण आमचं कॅडमियम विषारी; त्यामुळे आमच्या घराण्याशी लोक जन्मापासूनच जपून वागतात. मग दोन्ही प्लॅटिनमच्या भांड्यात घालून तेराशे अंशांच्या वर तापवायच्या. सगळं वितळलं की वरून एक काडी सोडायची. तिच्या टोकाला आमच्याच वाणाचा एक बारका दाणा. तो रसाला टेकला की काडी गोल गोल फिरवत वर ओढायची, तासाला दीड मिलिमीटर. कासवाने आमच्याशी शर्यत लावली असती, तर सशासारख्या झोपा काढूनही तेच जिंकलं असतं.

काडी ओढायला यंत्र होतं, आणि त्या यंत्रावर काडीचाही विश्वास नसलेले भट्टीवाले काका होते. चष्म्याला दोरी, खिशात रुमाल, चिकटपट्ट्या, सुतळी, पेन्सिलीचे तुकडे असा सगळा संसार, आणि बुडाखाली एक तीन पायांचं स्टूल. भट्टीची घरघर जराशी बदलली तरी हातातला घास खाली ठेवून उठायचे. खोलीत पंखा लावायचा नाही, दार धाडकन लावायचं नाही, शिंकायचं असेल तर बाहेर जाऊन शिंकायचं. हा शेवटचा नियम त्यांनी साहेबांनाही पाळायला लावला होता. आमच्यात पी हळद आणि हो गोरी असं काही नसतं. चार दिवस ओढणं, नंतर चार दिवस हळूहळू निववणं, आणि मग एक लांबट कांब हाती आली. काकांनी तिचे आडवे दोन भाग केले. वरचा तो दादा, खालचा तो मी.

रसातली घाण दाण्यापाशी टिकत नाही, ती खाली खाली ढकलली जाते. म्हणून आधी घट्ट झालेला दादा अगदी निर्मळ, आणि मी शेवटी शेवटी उरलंसुरलं गोळा करून झालेला. थोरल्याचे जुने कपडे धाकट्याला येतात, त्यातलाच प्रकार. माझ्या अंगाला जी पिवळसर झाक आहे ती त्या जुन्या कपड्यांची.

शिक्षणाचंही तेच. मोजणीच्या खोलीत एक ताई होती, संशोधन करणारी. तिने दादाला सगळं शिकवलं, म्हणजे त्याच्यावर सगळे प्रयोग केले. त्याच्या अंगातून कुठले रंग पार होतात, तो कुठल्या रंगात चमकतो, विझायला किती वेळ घेतो, गरम केल्यावर काय, गार केल्यावर काय. गारठ्यात दादा जरा सावकाश विझायचा. थंडीत अंथरुणातून उठायची घाई कुणाला असते? माझं शिक्षण मात्र वजनकाट्यापर्यंत. वजन केलं, चिठ्ठी चिकटवली, कपाटात ठेवलं. राखीव म्हणून.

अंगात खोडही होती माझ्या. आकाशातून एखादा भटका कण येऊन अंगातून आरपार गेला की मी फळीवर बसल्या बसल्या चमकायचो. चमकायचा दादाही, पण मला त्यातली मजा लपवता यायची नाही. अख्ख्या कपाटाला सांगत सुटायचो. दादा म्हणायचा, "अरे, तो आपल्याला भेटायला नव्हता आला. वाटेत लागलास तू." आणि हसायचा. त्याचं हसणंही चौदाच्या आत आटपायचं.

आता काका का काळजीत होते ते सांगतो, कारण पुढचं सगळं त्यावरच आहे. सामान तपासायची यंत्रं बनवणाऱ्या एका कारखान्याला आमच्यासारखे स्फटिक हवे होते, शंभर. त्यांच्या तपासनीस बाई येत्या शनिवारी येऊन नमुना बघणार होत्या. त्यांना पसंत पडला तर भट्टी चालू राहणार. नाही पडला तर साहेब भट्टी काढून टाकणार, त्या खोलीत फायलींची कपाटं जाणार आणि काकांना आवक-जावकच्या खिडकीत बसवणार. बावीस वर्षं आगीशी बोललेला माणूस, त्याने कागदांवर शिक्के मारत बसायचं.  भट्टी गार असतानाही काका रोज येऊन तिच्यापुढे स्टुलावर बसायला लागले.

नमुना म्हणून अर्थातच दादा जाणार होता.

शनिवारच्या आधीच्या सोमवारी साहेबांच्या मनात आलं, की दादाचा एक झकास फोटो काढावा आणि बाहेरच्या भिंतीवर लावावा. फोटोवाला आला, छत्रीएवढा दिवा लावून बसला. दादा तेव्हा गारठ्याच्या पेटीत होता, शून्याखाली चाळीस अंशांवर. ताईची मोजणी चालू होती. ती म्हणाली, साहेब, चार-पाच तास थांबा, त्याला हळूहळू वर आणू दे. साहेब म्हणाले, अगं, फोटो काढायचाय, लग्न नाही लावायचं त्याचं. आणि त्यांनी स्वतःच्या हाताने पेटी उघडली, दादाला रुमालात धरून आणलं आणि त्या दिव्याखाली ठेवलं.

टक्.

एवढाच आवाज. माझा दादा पुस्तक उघडावं तसा मधोमध उघडला. तुटलासुद्धा किती नेटका. दोन्ही बाजू आरशासारख्या. आमच्या जातीच्या अंगात अशी एक दिशाच असते, तिकडून आम्ही फार लवकर फाकतो. आणि फोटोवाल्याचं बोट नेमकं त्याच क्षणी दाबलं गेलं. फोटो इतका सुंदर आला, की साहेबांनी तो तरीही लावला. हसरे साहेब, आणि त्यांच्यापुढे माझा दुभंगलेला दादा. माझ्या कपाटासमोरचं दार उघडं असलं की तो फोटो दिसायचा. मला तो बघायचा नसायचा. पण स्फटिकाला मान नसते, फिरवणार काय?

साहेब थोडा वेळ ओशाळले, आणि मग त्यांना एकदम आठवलं की चूक दुसऱ्याची असू शकते. म्हणाले, चांगला स्फटिक असा तडकत नाही, भट्टीतच काहीतरी खोट असणार.  काकांनी दोन्ही तुकडे कापसावर ठेवले, बराच वेळ चष्मा पुसला आणि मग कपाट उघडून मला बाहेर काढलं.

"चल बाबा," ते म्हणाले. "आता तूच."

मी, जो वजनकाट्याच्या पुढे गेलेला नव्हतो, तो दादाच्या जागी. गाढवाने घोड्याच्या जागी उभं राहावं आणि वरातही तीच असावी, अशी माझी गत.

दुसऱ्या दिवसापासून माझी मोजणी सुरू झाली. एक्स-रे बंद केल्यावर आम्ही किती वेळ उजळत राहतो, हे तपासनीस बाईंना सगळ्यांत आधी बघायचं होतं. या मोजणीची एक तऱ्हा आहे. साधा ट्यूबलाइटचा उजेड लागला तरी तो आमच्या अंगात मुरतो आणि आकडे बिघडतात. म्हणून आम्हाला काळ्या पडद्यामागे, चाचपडत, शिशाच्या डब्यातल्या बशीत ठेवायचं, तासभर अंधारात बसू द्यायचं, आणि मग बाहेरून एक्स-रे सोडून झटकन बंद करायचा. हे ठेवायचं काम ताई करायची. पण दादा गेल्यापासून ती मला अंधारात उचलायला धजत नव्हती. तेव्हा काका म्हणाले, तू संगणकावर बस, ठेवतो मी.

डब्यात मला एक शेजारीण मिळाली. बशीच्या काठाला चिकटवलेली, नखाएवढी पांढरी पट्टी. डब्यात बहुतेक सगळंच पांढऱ्या पट्टीत गुंडाळलेलं असतं. नळदुरुस्तीवाले नळाच्या आट्यांना गुंडाळतात तीच पट्टी. उजेड वाया जाऊ नये म्हणून इथले विद्वान लोकही तीच वापरतात. मला वाटलं, ही त्यांच्यातलीच. पण अंधार झाला की ती हिरवीगार व्हायची आणि बोलत सुटायची.

"तुमच्यात किती वेळ उजळतात?" तिने विचारलं.

मी अभिमानाने चौदाचा आकडा सांगितला.

"अगंबाई. एवढ्यात कंटाळता? आमच्यात तर एकदा बसलं की तासन्‌तास."

काय निवांत मंडळी असतात एकेक, असं मी मनात म्हटलं. मला माझीच धास्ती होती.

एक्स-रे आला. मी चमकलो. एक्स-रे गेला. मी विझलो, निदान माझ्या मते. ताईच्या आलेखावर माझी रेघ कड्यावरून उडी टाकल्यासारखी सरळ खाली यायला हवी होती. ती आली, पण तळ गाठायच्या आधी वळली आणि ऐसपैस आडवी पसरली. उजेड संपतच नव्हता. ताई या प्रकाराला शेपटी म्हणायची. दादाला शेपटी नव्हती. मला चांगली लांबलचक निघाली.

साहेब येऊन बघून गेले. "म्हटलं नव्हतं मी? भट्टीतच खोट आहे."

ताईने पुन्हा मोजलं, काकांनी मला पुन्हा काढून पुसून ठेवलं. शेपटी तश्शीच. कुणालाच कारण सापडेना. मला मात्र ती बघताक्षणी कळलं होतं. ती शेपटी दादाची होती. एक्स-रे बंद होऊन काळोख झाला की मला दादा आठवायचा, तो टक् आवाज आठवायचा, आणि अंगात कुठेतरी काहीतरी तेवत राहायचं. मला वाटलं, तेच त्या नळीने पकडलं.

म्हणजे माझ्या रडण्यापायी काकांची भट्टी जाणार होती.

मग मी दादाला विसरायचं ठरवलं. हे माझ्या स्वभावाला धरूनच झालं. आधी ठरवायचं, मग जमतं का बघायचं. बुधवारी एक्स-रे बंद होताच मी डब्याच्या भिंतीतले खिळे मोजायला घेतले. चार निघाले. चार खिळ्यांत दादा किती वेळ विसरणार? मग मी स्वतःचं वजन दशांशासकट पाठ म्हटलं. मग दादाच्या वाईट गोष्टी आठवायचा प्रयत्न केला, म्हणजे राग येईल आणि दुःख मागे पडेल. त्याची एकच वाईट गोष्ट आठवली, ती म्हणजे तो माझ्यापेक्षा प्रत्येक बाबतीत चांगला होता. त्याने तर जास्तच रडू आलं. शेजारीण म्हणाली, "तुम्ही फार तळमळता हो. माझ्याकडे बघा, कशी शांत उजळतेय." मी तिला म्हटलं, बाई, तुमचं काय जातंय.

गुरुवारी तीच शेपटी. शुक्रवारी सकाळी तीच. एका मिलिमीटरचाही फरक नाही. दुःखाचा असा नियमितपणा बघून खरंतर मला संशय यायला हवा होता. पण सांगितलं ना, शिक्षण कमी.

शुक्रवारी दुपारी ताई खुर्चीत मागे टेकून बसली. तिचा चेहरा पडला होता. बाईंना येऊ नका म्हणून कळवते, असं ती म्हणाली. काका पडद्याजवळ उभे होते. त्यांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला.

"पोरी, मी काही शिकलेला नाही," ते म्हणाले. "पण भट्टीवर नवीन भांडं आलं, की मी आधी ते रिकामंच तापवतो. भांड्याच्या खोडी आधी कळतात, मग मालाला दोष देता येतो. तू हा डबा रिकामा कधी मोजलास?"

"मागच्या महिन्यात. तेव्हा अगदी साफ होता."

"मागच्या महिन्यात माझी दाढही शाबूत होती."

 ताई सरळ बसली. काकांनी मला डब्यातून काढलं, काळ्या फडक्यात गुंडाळलं आणि टेबलावर ठेवलं. डबा रिकामा. तासभर अंधार. एक्स-रे चालू, एक्स-रे बंद. फडक्याला एक विरलेली जागा होती, तिच्यातून मला संगणक दिसत होता. रेघ खाली आली, वळली, आणि ऐसपैस आडवी पसरली.

मी बाहेर टेबलावर, आणि माझी शेपटी आत डब्यात.

"मग आत कोण आहे?" काका म्हणाले.

ताईने एक्स-रेची किल्ली काढून खिशात टाकली. दोघं पडद्यामागे गेले, दिवा घालवला आणि डबा उघडला.  मग काकांचा आवाज आला, चोरी पकडली गेलेल्या मुलासारखा.

"ही मी लावली."

दाराच्या कडीला, जिन्याच्या कठड्याला अंधारात दिसावी म्हणून लावतात ती रेडियमची पट्टी. तिचा एक तुकडा त्यांच्या खिशात होता. अंधारात त्यांना बशीचा काठ दिसत नव्हता. एक भाऊ आधीच गेलेला, दुसरा आपल्या हातून पडायला नको, म्हणून खुणेला त्यांनी तो काठावर चिकटवला होता. एक्स-रेचा मार मला बसायचा, तसाच तिलाही बसायचा. मी 'ओय' म्हणून गप्प बसायचो आणि ही बया तासभर गात राहायची.

"काका," ताई म्हणाली, "उजेड मोजायच्या डब्यात तुम्ही दिवा लावून ठेवलात."

"दिवा कुठला? नखाएवढी तर आहे."

त्यावर ताईला जे हसू फुटलं, ते थांबेना. ती हसत हसत खाली फरशीवर बसली. सोमवारपासून त्या खोलीत कुणी हसलं नव्हतं, त्यामुळे बरंच साठलं असावं. शेवटी शेवटी तिचे डोळे वाहायला लागले. काका तिच्याजवळ उकिडवे बसले आणि त्यांनी खिशातला सगळा संसार उपसून रुमाल शोधून दिला.

पट्टी सोलून काढली आणि खोलीच्या दिव्याच्या बटणावर लावली. तिथे ती फार सुखात आहे असं ऐकतो. जाताना मी तिला खूप बोललो. तीन दिवस मी माझ्या सख्ख्या भावाला विसरायची धडपड करत होतो, तुला एका शब्दाने सांगता आलं नाही का? ती म्हणाली, "तुम्ही विचारलंत कुठे? तुम्हाला फक्त स्वतःचंच सांगायचं होतं." 

मग माझी खरी मोजणी झाली. एक्स-रे बंद केल्यावर एका सेकंदाच्या हजार भागांपैकी तीन भाग गेले, तेव्हा माझा उजेड हजारात एकाहूनही कमी उरला होता. ताईने दादाची जुनी रेघ काढली आणि माझी तिच्यावर ठेवली. दोन दिसायला हव्या होत्या. एकच दिसली. तिने काकांना बोलावून दाखवली. काका म्हणाले, कांब एकच होती ना.

मी खूश व्हायला हवं होतं, आणि झालोही. पण थोडा रागही आला. एवढं माझं दुःख, आणि त्या नळीला त्यातलं काहीसुद्धा दिसलं नाही? एवढ्या महागाच्या यंत्रांपेक्षा काकांचा मळका रुमाल बरा.

शनिवारी सकाळी बाई आल्या. उंच, हातात कडक पेटी, चेहऱ्यावर शनिवारी काम करावं लागल्याचा भाव. आलेख बघितला, मला उजेडात धरून बघितलं. दुसरा हात लागला त्यांनाही. मग म्हणाल्या, उजेड चांगला आहे, पण आम्हाला ठोकळा लागत नाही, काड्या लागतात. याच्या आठ काड्या माझ्यासमोर कापून दाखवा. साहेब घाईघाईने म्हणाले, कापून पाठवतो की. बाई म्हणाल्या, "समोरच. हा कापताना तडकला, तर पुढचे शंभरही तडकतील."

साहेबांची नजर बाहेरच्या फोटोकडे गेली आणि लगेच परत आली.

काका म्हणाले, "कापू. पण पंखा बंद करायचा, आणि कुणी बोलायचं नाही." हे त्यांनी साहेबांकडे बघून म्हटलं.

आज मी कुठे आहे ते आधीच सांगून टाकतो, म्हणजे तुम्ही उगाच जीव मुठीत धरून ऐकायला नको. आता मी आठ जण आहे. एका रांगेत, खांद्याला खांदा लावून, सामान तपासायच्या यंत्राच्या पोटात बसलेलो असतो. समोरून पट्ट्यावरून तुमच्या बॅगा जातात. काय काय भरता हो तुम्ही. एका माणसाच्या बॅगेत सहा चार्जर होते आणि फोन एकही नव्हता. एका आजींनी दोन दिवसांच्या प्रवासाला सात चष्मे नेले. आणि बॅग आत गेली की तुम्ही सगळे बाहेर श्वास रोखून उभे राहता, जणू आम्ही तुमच्याच पोटात बघतोय. तेवढं करू नका. आणि मागून बॅगा ढकलू नका. प्रत्येक बॅगेला आम्ही आमचा पुरेपूर उजेड देतो आणि ती पुढे सरकायच्या आत विझतो. तुमचे फाटके मोजे आम्ही आजवर कुणाला सांगितलेले नाहीत.

शेजारच्या रांगांत अधूनमधून नव्या काड्या येऊन बसतात, त्याच भट्टीच्या. त्यांच्याकडून घरची खबर कळते. काका स्टुलावरच आहेत. साहेब अजून शिंकायला बाहेर जातात. ताईने आता दर सोमवारी डबा रिकामा मोजायचा नियम केला आहे आणि त्याला काकांचं नाव दिलं आहे. काकांना ते मुळीच आवडलेलं नाही.

राहिलं ते त्या शनिवारचं.

काकांनी मला मेणाने काचेच्या पट्टीवर चिकटवलं. मग गॉगलच्या असतात तशा दोन काळसर काचा घेऊन एक माझ्या खाली, एक माझ्या वर धरली आणि मधून बघितलं. अशा काचांतून बघितलं की आमच्या अंगातले ताण रंगीत दिसतात. माझ्या खालच्या टोकाला इंद्रधनुष्याचा एवढासा तुकडा होता. जन्मताना मी शेवटचा निवालो, तेव्हाचा. तो काकांनी बघितला, मला कळलं. त्यांनी काचा खाली ठेवल्या, कुणालाही काही सांगितलं नाही, आणि मला असं फिरवलं की ते टोक सगळ्यांत शेवटी येईल.

आठ काड्यांना सात काप. करवत म्हणजे एक बारीक तार, आणि तिच्यावर गढूळ पाण्याची धार. एका कापाला अर्धा तास. पहिला झाला, मी दोन झालो. दुसरा झाला, तीन झालो. दोन असण्याची सवय होईपर्यंत तीन व्हावं लागणं, हे कुटुंब फारच झपाट्याने वाढलं. बाई घड्याळ बघत होत्या. साहेब उंबऱ्याबाहेर उभे होते. त्यांना आत यायचा धीर नव्हता. सहा काप सरळ गेले.

सातवा त्या टोकाला आला. तार अर्ध्यावर पोचली आणि मला आतून जाणवलं, की काहीतरी फाकायला बघतंय. तीच दिशा, जिकडून दादा उघडला होता. काकांनाही ते तारेतून हाताला कळलं असावं. त्यांनी यंत्र बंद केलं आणि तार हाताने ओढायला घेतली, इतक्या सावकाश की भट्टीतली ती काडीसुद्धा पळत होती असं वाटावं. डाव्या हाताचं एक बोट त्यांनी माझ्यावर टेकवलं. दाबलं नाही, नुसतं टेकवलं. त्या बोटातली नाडी मला लागत होती. ताई भिंतीकडे तोंड करून उभी होती.

मला फार शिकवलेलं नाही. आपण काय केलं की आपण फाकत नाही, हे मला दादाने सांगितलं नव्हतं आणि त्यालाही ते माहीत नसावं. मी एवढंच केलं की होतं नव्हतं ते सगळं अंग त्या एका बोटाखाली गोळा केलं आणि धरून ठेवलं. वरून कुठलासा भटका कण आला, आरपार गेला. मी चमकलो असेन, नसेन. माझं तिकडे लक्ष नव्हतं. तारेची पाव वाट उरली. मग केसाएवढी उरली. ती पलीकडच्या मेणात उतरेपर्यंत मी हूं की चूं केलं नाही.